मार्गोच्या कुंपणाला लागून : 'द गुड लाइफ'चा संपूर्ण डीव्हीडी संच

गेल्या नोव्हेंबरात 'द गुड लाइफ' या बीबीसीच्या सत्तरच्या दशकातल्या विनोदी मालिकेचा पूर्ण डीव्हीडी संच मागवला आणि जानेवारी संपायच्या आत सगळे ३० भाग पाहून झाले. काही दोनदा पाहिले. वाऱ्याच्या आडोशावरून भांडण होतं तो भाग चारदा पाहिला. आता संच कपाटात ठेवण्याआधी त्याच्याबद्दल लिहून टाकते, कारण माझ्या ओळखीतल्या तिघीचौघींनी विचारलंय, "घ्यावा का?" घ्यावा. का घ्यावा, ते जरा सविस्तर सांगते.

मी लंडनच्या वायव्येला, हॅरोला राहते. लग्न करून १९७६च्या ऑगस्टमध्ये दादरहून इथे आले. ज्यांना तो उन्हाळा आठवतो त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. इंग्लंड म्हणजे हिरवंगार असं शाळेपासून ऐकलेलं, आणि विमानतळावरून येताना पाहिलं तर गवत पिवळं, बागा करपलेल्या. महिने न महिने धड पाऊस नव्हता. सरकारने दुष्काळासाठी खास मंत्री नेमला होता. आमच्या घरमालकीणबाई, साठीच्या विधवा, आंघोळीचं पाणी बादलीने गुलाबांना घालायच्या. आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत होतो. आमच्याकडे टीव्ही नव्हता. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी बाईंनी जिन्याखालून हाक मारली आणि म्हणाल्या, खाली या, आज ती माझी मंडळी पुन्हा सुरू होतायत.

ती मंडळी म्हणजे टॉम आणि बार्बरा गुड, आणि त्यांच्या शेजारचे जेरी आणि मार्गो लेडबेटर. मालिकेचं तिसरं पर्व त्या दिवशी सुरू झालं. पहिल्या दिवशी मला निम्मे शब्द कळले नाहीत. पण दोन घरं, मधे कुंपण, एकीकडे चिखल आणि कोंबड्या, दुसरीकडे कापून सारखी केलेली हिरवळ, आणि त्या कुंपणावरून चाललेली ये-जा, हे कळायला इंग्रजी लागलं नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. टॉम गुड चाळीस वर्षांचा होतो. नोकरी बरी आहे, पण काम काय, तर नाश्त्याच्या पाकिटातून मुलांना फुकट मिळणाऱ्या प्लास्टिकच्या प्राण्यांची चित्रं काढायची. आयुष्याचा निम्मा भाग यात गेला, उरलेला कशात घालवायचा, असा प्रश्न त्याला पडतो. तो नोकरी सोडतो आणि नवराबायको ठरवतात की आहे त्याच घरात राहायचं, पुढची-मागची बाग खणायची, भाजीपाला पिकवायचा, शेळी, डुकरं, कोंबड्या पाळायच्या आणि शक्यतो पैशाला हात न लावता जगायचं. गाव सोडून शेतावर जाणं वेगळं. हे लोक सर्बिटनमध्ये राहतात, लंडनच्या नैऋत्येला, जिथे माणसं सकाळच्या गाडीने कामाला जातात आणि रविवारी मोटार धुतात. शेजारचा जेरी टॉमच्याच कंपनीत आहे. हुशारी टॉमइतकी नाही, पण वर चढण्याची हातोटी त्याच्याकडे आहे. आणि त्याची बायको मार्गो, जिला आपल्या गल्लीत डुक्कर ही कल्पनाच सहन होत नाही. आडनाव गुड, त्यामुळे मालिकेच्या नावात गुड कुटुंबाचं आयुष्य आणि चांगलं आयुष्य असे दोन्ही अर्थ आहेत. अमेरिकेत हीच मालिका 'गुड नेबर्स' नावाने दाखवली गेली, आणि मला विचाराल तर ते नाव गोष्टीच्या अधिक जवळ जातं.

जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी या जोडीने ती लिहिली. बीबीसी वनवर ४ एप्रिल १९७५ला पहिला भाग लागला. १९७५ ते १९७७ या काळात सात-सात भागांची चार पर्वं झाली, मग १९७७च्या नाताळचा एक खास भाग आणि १९७८च्या जूनमधला शेवटचा. १९७५ साल इथे महागाईचं होतं, वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास भाव चढत होते. त्याच्या आदल्या वर्षी विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांना आठवड्याला तीनच दिवस वीज मिळत होती. पगारावर जगण्याचा भरवसा उडालेला असताना ही गोष्ट घराघरात आली. आमच्या बाई म्हणायच्या, बटाटे लावणं ही कल्पना त्या वर्षी कुणालाच विचित्र वाटली नाही.

बार्बराचं काम करणारी फेलिसिटी केंडल आपल्याला परकी नाही. तिचे आईवडील जेफ्री आणि लॉरा केंडल 'शेक्सपीअराना' ही नाटक कंपनी घेऊन भारतभर फिरत. फेलिसिटी त्या बिऱ्हाडातच वाढली, आणि तान्ही असतानाच तिला 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रंगमंचावर नेलं होतं. तिची थोरली बहीण जेनिफर म्हणजे शशी कपूरची बायको. १९७८मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभं राहिलं ते त्या दोघांच्या हातून. माझ्या वडिलांनी तरुणपणी मुंबईत या केंडल मंडळींचा 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा प्रयोग पाहिला होता. पहिल्या पत्रात मी त्यांना लिहिलं, "नाना, केंडलांची धाकटी मुलगी इथे टीव्हीवर डुकरं पाळते." त्यांचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं, त्यात अर्धं पान त्या प्रयोगाबद्दलच होतं. परक्या देशात पहिल्या महिन्यात असा एखादा धागा सापडला की माणूस तो घट्ट धरून ठेवतो. मी तिला आमचीच समजून पाहत आले, आजही पाहते.

पण मालिका पेलते ती मार्गो.

हे मी आता, वयाच्या या टप्प्यावर, पूर्ण खात्रीने म्हणू शकते. तेव्हा मला ती आवडत नव्हती. पेनेलोपी कीथने केलेली ही बाई उंच, ताठ, दर प्रसंगाला वेगळा पोशाख, पायघोळ झगे, मोठ्या टोप्या, डोक्याला बांधलेले रेशमी रुमाल. फोनवर दुकानदाराशी बोलायची तर समोरचा माणूस उभा राहून ऐकत असेल असं वाटायचं. तिला विनोद कळत नाही. संगीत मंडळाच्या नाटकात आपल्यालाच मुख्य भूमिका हवी यासाठी ती झगडते, आणि तिथली जी तिची वैरीण आहे, ती मिस डॉली माउंटशाफ्ट, आपल्याला एकदाही दिसत नाही. गंमत म्हणजे पहिल्या भागात मार्गोही दिसत नाही, नुसता आवाज येतो. लेखकांच्या मनात ती तेवढीच असावी. मग कीथबाईंनी त्या आवाजातून अख्खी बाई उभी केली, आणि १९७७मध्ये त्यांना याच कामासाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला.

आता सलग पाहताना लक्षात येतं की अडचणीच्या वेळी प्रत्यक्ष हजर राहणारी मार्गोच आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी पीक काढायची वेळ येते आणि नेमकी टॉमची पाठ धरते. धो धो पाऊस. बटाटे जमिनीत. तेव्हा रेनकोट घालून, चिखलात उतरून, एकेक बटाटा उपटणारी मार्गो पाहा. तिला त्या कामाची किळस आहे आणि ती किळस लपवण्याचा ती प्रयत्नही करत नाही. तरी येते. कारण शेजारी अडलेत. टॉम तिची थट्टा करतो, जेरी करतो, प्रेक्षक हसतात, आणि ही बाई कधीच अर्ध्यावर सोडून घरी जात नाही. मला आमच्या दादरच्या चाळीतल्या एक मावशी आठवतात. सोवळंओवळं कडक, मुलांनी दाराला हात लावला तरी ओरडायच्या. आईच्या बाळंतपणात मात्र रात्रभर त्याच बसून होत्या. माझ्या मनात मार्गो आणि त्या मावशी आता एका पाटावर बसल्यात.

वाऱ्याच्या आडोशाचा भाग तिसऱ्या पर्वात आहे. मार्गो आपल्या हद्दीत वारा अडवायला आडोसा उभारून घेते आणि त्याची सावली नेमकी गुडांच्या फळझाडांवर पडते. तिच्यासाठी तो बागेच्या शोभेचा प्रश्न, यांच्यासाठी वर्षभराच्या जॅमचा. भांडण पेटतं, दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच ते लागतं. शेवटी चौघं गुडांच्या खोलीत बसून वाटाण्याच्या शेंगांची घरगुती दारू पितात. ती दारू या मालिकेतलं पाचवं पात्र म्हणावं इतकी ठिकठिकाणी येते. आणि मग वीसेक वर्षांचा शेजार असलेली माणसं जे कधी बोलत नाहीत ते बोलायला लागतात. जेरीच्या मनात बार्बराबद्दल काय आहे, टॉमला मार्गो कशी दिसते. आणि मार्गो म्हणते की मला विनोद कळत नाहीत, लहानपणापासून माझ्यावर हसतात आणि मला का ते समजत नाही. कीथबाई हे इतक्या सरळ म्हणतात की माझ्या घशाशी आलं. चारही वेळा. खोलीत चार माणसं, एक जुनी बरणी, आणि कॅमेरा हलत नाही. आजच्या मालिका या जागी गाणं लावतील.

नाताळच्या भागाबद्दल इथले लोक आजही बोलतात, त्यामुळे थोडक्यात. मार्गोचा नाताळ दुकानातून गाडीत भरून येतो, झाडासकट. झाड सांगितलं होतं त्यापेक्षा सहा इंच कमी आहे म्हणून ती सगळी गाडी परत पाठवते, आणि ऐन सणाच्या दिवशी घरात काहीच नाही. मग ती आणि जेरी शेजारी जातात. गुडांकडे वर्तमानपत्राच्या टोप्या आहेत. मार्गो 'डेली मिरर'ची टोपी घालायला तयार नाही, तिला 'डेली टेलिग्राफ'ची हवी. कामगारांचा पेपर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह घरातला पेपर यांतला फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता, बाईंनी समजावला. इंग्लंडातला वर्गभेद मी कागदाच्या टोपीवरून शिकले. मात्र हा भाग ज्यांनी आधीचे भाग पाहिलेत त्यांनीच पाहावा. नाताळच्या सुट्टीत एकटा हाच लावून बसाल तर मार्गो शेवटी हसते त्याचं मोल कळणार नाही.

बार्बराबद्दल मला एक गोष्ट जरूर सांगायची आहे. टॉम हा हट्टी माणूस आहे. रिचर्ड ब्रायर्स यांनी तो इतका उमदा केलाय की त्याचा हट्ट झाकला जातो. नोकरी सोडण्याचं स्वप्न त्याचं, पण थंड पाण्यात कपडे धुणं, लोकर कातणं, फाटकी पँट घालून खत ओढणं यातला मोठा वाटा बार्बराचा. तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात तिचा उरलेला एकमेव चांगला फ्रॉक फाटतो. त्यात जुनी मैत्रीण येऊन गेलेली, नटलेली, सुगंधी. आणि बार्बरा फुटते. मी बाई आहे हे तुझ्या लक्षात तरी आहे का, असा तिचा राग. १९७६च्या ऑक्टोबरात मी हे पाहिलं तेव्हा माझ्याकडे एक कोट होता, यांच्या मित्राच्या बायकोने दिलेला, आणि साड्या ट्रंकेत घड्या घालून ठेवलेल्या, कारण त्या थंडीत नेसणार कुठे. जिन्यावरून वर जाताना मी रडले होते. या वेळी हा भाग यांच्या शेजारी बसून पाहिला. हे काही बोलले नाहीत, भाग संपल्यावर उठून चहा करून आणला.

विनोदी मालिकेत बार्बराचा हा राग जागा मिळवतो, त्याला मी मोठं लेखन म्हणते. शेवटच्या पर्वाच्या अखेरच्या भागातही तसंच होतं. चोरांनी घर फोडून नासधूस केलेली असते, आणि स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांचा हशा एकदम थांबतो. ती शांतता ऐकायला म्हणून तरी आवाज थोडा वाढवून ठेवा.

आता शेतीचं. मला गेली १९ वर्षं पालिकेचं अलॉटमेंट, म्हणजे भाजी पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, आहे. इथे जमीन अजून रॉडमध्ये मोजतात, पूर्ण तुकडा १० रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. माझा अर्धा, ५ रॉडचा. बटाटे, वाल, बीट, मेथी, लाल माठ, कोथिंबीर आणि उन्हाळा चांगला गेला तर दुधी. त्या अनुभवावरून सांगते, मालिकेतलं कष्टाचं चित्र खरं आहे. गोगलगायी, अवेळी थंडी, जुलैच्या ओल्या हवेत बटाट्यावर येणारा करपा, हे सगळं मी भोगलंय. परसदारच्या बागेवर दोन माणसांचं वर्षभर पूर्ण भागेल, हे मात्र मला पटत नाही. मेथी मे महिन्यात पेरायची, ऑक्टोबरात खेळ संपला. पुढचे पाच महिने बरण्यांवर आणि साठवलेल्या बटाट्यांवर. पण लेखकांनाही ते माहीत होतं. गुडांची खरी अडचण खाण्याची नसते, रोख पैशाची असते. घरपट्टी भाजीत भरता येत नाही. दर काही भागांनी हा प्रश्न डोकं वर काढतो, आणि म्हणून ती परीकथा होत नाही.

तळघरातल्या यंत्राचा भाग पाहताना तर आमच्या घरात उलटं झालं. टॉम जनावरांच्या शेणामुतापासून गॅस तयार करतो आणि त्यावर वीज निर्माण करतो. नंतरच्या एका पुनःप्रक्षेपणात आम्ही तो बाईंबरोबर पाहत होतो. बाईंना वाटलं, काय अचाट कल्पना आहे. मी म्हटलं, हा गोबरगॅस. माझ्या मामांच्या वाड्यात, सातारा जिल्ह्यात, तो होता, मामी त्यावर भाकरी भाजायच्या. मग खड्डा कसा, घुमट कसा, शेणकाला किती पातळ, सगळं मी बाईंना हातवारे करून सांगितलं. त्या देशात पहिल्यांदा मी काहीतरी समजावत होते आणि दुसरं माणूस ऐकत होतं. एक गोष्ट मात्र त्या भागात सोपी करून दाखवलीय. गॅस नीट धरायला ऊब लागते, पस्तीस अंशांच्या आसपास. इंग्लंडच्या तळघरात थंडीत तो असा सुरळीत चालणार नाही.

शेंगांची दारू खरीच करतात. माझ्या शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा करतात. वाटाणे काढून घेतले की टरफलं उकळायची, गाळायची, साखर आणि यीस्ट घालून आंबवायची, आणि मग वर्षभर हात लावायचा नाही. यांनी चव घेतली, म्हणाले, सोलकढीतलं नारळ काढून घेतल्यासारखी लागते. मी घेत नाही.

काय खटकलं, तेही सांगायला हवं. पहिल्या पर्वाचे पहिले दोन-तीन भाग जरा चाचपडत चालतात, जेरी आणि टॉम यांच्या कचेरीतल्या प्रसंगांत जोर नाही. त्यांचा साहेब येतो ते प्रसंग मी या वेळी पुढे ढकलले. जेरीची बायकांबद्दलची वाक्यं आज ऐकवत नाहीत, जरी पॉल एडिंग्टन ती इतक्या थकलेल्या सुरात म्हणतात की त्या माणसाची कीव यावी. हेच एडिंग्टन पुढे १९८०मध्ये 'येस मिनिस्टर'चे मंत्री जिम हॅकर झाले. ते पाहिलेल्यांना जेरीमध्ये त्या मंत्र्याची पहिली रेघ दिसेल.

आणि एक मोठी गोष्ट. सगळ्या ३० भागांच्या त्या इंग्लंडमध्ये आमच्यासारखं माणूस जवळपास नाहीच. ज्या महिन्यात मी इथे उतरले, त्याच ऑगस्टमध्ये विल्सडेनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबरच्या बायका संपावर बाहेर पडल्या. साडी नेसलेल्या त्या बायका बातम्यांत दिसायच्या, त्याच टीव्हीवर, त्याच खोलीत, दोन वर्षं. विल्सडेन आमच्यापासून काही मैलांवर. बातम्या संपल्या की सर्बिटनची हिरवळ. मालिकेवर माझं प्रेम आहे म्हणूनच हे लिहिते. मालिकेतला शेजार किती उबदार आहे हे पाहताना त्या शेजारात कोण नव्हतं, हेही मला दिसतं. त्या वर्षांत आम्हाला जे शेजारी मिळाले त्यांत आमच्या बाई होत्या, आणि दोन दारं सोडून राहणारे एक गृहस्थही होते, ज्यांनी सहा वर्षांत आमच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

१९७८चा शेवटचा भाग राणीच्या समोर चित्रित झाला. एलिझाबेथ राणी स्वतः स्टुडिओत प्रेक्षक म्हणून बसल्या होत्या. घटना म्हणून मोठी, पण भाग म्हणून तो मला कमकुवत वाटला. नट जरा अवघडलेले वाटतात. संच पुरा होतो, एवढंच त्याचं मोल. शेवट म्हणून मनात चौथ्या पर्वाची अखेर धरून ठेवा.

चित्राबद्दल. घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ टेपवर आहेत आणि बाहेरचे फिल्मवर, त्यामुळे दार उघडून माणूस बागेत गेला की रंग एकदम बदलतो, मऊ आणि दाणेदार होतो. हा तुमच्या टीव्हीचा दोष नाही, त्या काळी अशाच मालिका बनत. चित्र जुन्या चौकोनी मापाचं आहे. नव्या रुंद टीव्हीवर ते ताणून पाहू नका, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर मार्गो बुटकी आणि रुंद दिसते आणि तो फार मोठा अन्याय आहे. सुरुवातीचं बर्ट ऱ्होड्स यांचं संगीत अजून ताजं आहे.

मी घेतलेला संच नवा नव्हता. ज्या दुकानदाराकडून ऑनलाइन मागवला त्याने "उत्तम स्थितीत" लिहिलं होतं, पण चौथ्या पर्वाच्या डिस्कवर ओरखडा निघाला, दुसऱ्या भागात चित्र अडकायचं. तीन पत्रं लिहावी लागली, मग बदलून मिळाला. वापरलेला घेणार असाल तर आल्या आल्या सगळ्या डिस्क लावून पाहा, परत करायची मुदत निघून जाते.

भारतात मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग, म्हणजे रीजन, पाडलेले आहेत; ब्रिटनच्या डिस्क रीजन २च्या असतात आणि भारतातले प्लेअर रीजन ५चे. रंगप्रणाली दोन्हीकडे पालच आहे, त्यामुळे ती अडचण नाही, पण प्लेअर सगळे रीजन चालवणारा हवा. ठाण्याच्या माझ्या ताईला मागे मी दुसऱ्या एका मालिकेचा संच पाठवला होता, तो तिच्याकडे लागलाच नाही, आणि ती बिचारी महिनाभर मला सांगेना, मला वाईट वाटेल म्हणून. विचारून घ्या.

बीबीसीच्याच त्या काळच्या इतर मालिकांशी तुलना विचाराल तर, 'टू द मॅनर बॉर्न'मध्ये कीथबाई आहेत, ती १९७९पासूनची, देखणी आहे, पण तिथे त्यांच्यासमोर बार्बरा नाही. 'बटरफ्लाइज' मला अधिक दुःखी वाटते आणि ती एकटीने पाहायची आहे. घरात तीन पिढ्या एकत्र बसून पाहतील अशी मला तरी हीच. माझी दहा वर्षांची नात डुकरांसाठी पाहते, लेक मार्गोच्या कपड्यांसाठी.

चित्रीकरण सर्बिटनला झालंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ती दोन घरं नॉर्थवुडच्या क्यूफेरी रोडवरची. हॅरो-ऑन-द-हिलपासून मेट्रोपॉलिटन लाइनवर चौथं स्टेशन. म्हणजे आम्ही बाईंच्या खोलीत बसून जे लांबचं जग म्हणून पाहत होतो ते आमच्याच गाडीच्या मार्गावर होतं, आणि बाईंनाही ते ठाऊक नव्हतं. त्या १९९१मध्ये गेल्या. गेल्या मार्चमध्ये, संच संपवल्यावर, मी आणि हे नॉर्थवुडला उतरलो आणि त्या रस्त्याने एकदा चालत गेलो. तिथे लोक राहतात, म्हणून थांबलो नाही, फोटो काढले नाहीत. एका बागेत कुणीतरी वाटाण्यासाठी काठ्या रोवत होतं. हे म्हणाले, अजून आठवडाभर थांबायला हवं, थंडी गेली नाही. मीही तेच म्हणणार होते.